नारिंगी गोधडी

मित्रांनो, विमानाला थंडी वाजते का? हसू नका. जिथे उकळत्या चहाचा पेला हवेत भिरकावला तर त्याचा पांढरा धूरच होऊन जातो, अशा मुलखात विमानालाही हुडहुडी भरते. त्याच्या इंजिनातले तेल आधी मधासारखे होते, मग डांबरासारखे, आणि शेवटी पुढचा पंखा दोघांनी मिळून ढकलला तरी जागचा हलत नाही. अशाच एका विमानाच्या नाकावर मी वर्षानुवर्षे पांघरली गेले. मी त्या विमानाची गोधडी. आता जुनी झाले आहे. पाठीवर मधोमध एक ठिगळ आहे, कडांना काजळी आहे आणि अंगाला अजूनही रॉकेलचा वास येतो.

माझा जन्म विनिपेग शहरात तंबू आणि शिडे शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. वर जाड नारिंगी कॅनव्हास, मधे लोकर आणि खाली आगीला दाद न देणारे राखाडी कापड, असे माझे तीन थर. माझा घेर इंजिनावरून थेट जमिनीपर्यंत लोंबत असे. माझा रंग इतका भडक होता, की कारखान्यातल्या बायकाही मला घडी घालताना डोळे बारीक करायच्या. हा रंग कशासाठी, हे तेव्हा मला कळले नाही. पुढे कळले, पण त्यासाठी जिवावरचा प्रसंग यावा लागला.

तिथून मी दूर उत्तरेला, बॅफिन बेटावर आले. लॉर्न नावाचा वैमानिक एकच इंजिन असलेले, चाकांऐवजी स्की लावलेले छोटे विमान चालवत असे. टपाल, पिठाची पोती, आजारी माणसे आणि कधीकधी भांडखोर कुत्रीही त्यातून जात. मुक्कामाला उतरले की लॉर्न आधी इंजिनातले गरम तेल डब्यात काढून घरात नेई आणि चुलीजवळ ठेवी. मग मला पांघरी. सकाळी माझ्या घेराच्या आत स्टोव्ह पेटवून तो स्वतः शेजारी बसे. वर गेलेली ऊब मी अडवून धरायची. इंजिन पुरेसे तापले की कोमट तेल पुन्हा ओतायचे, आणि मग पंखा फिरे.

स्टोव्हपाशी बसणे फार महत्त्वाचे. शेजारच्या गावात एक वैमानिक स्टोव्ह तसाच ठेवून चहाला गेला. चहा संपेपर्यंत त्याचे विमानही संपले होते. दुसरे एक विमान वसंतात पातळ झालेल्या समुद्राच्या बर्फावर उतरले आणि शेपटीपर्यंत आत गेले. असे अपघात तिथे कोणाला नवे नव्हते. आमच्या गावात विमान पडले की आधी माणसे मोजत, मग पत्रा. त्या पत्र्यातून किटल्यांची झाकणे होत, कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांच्या तळपट्ट्या होत. पानियाक नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या खोपटाला तर विमानाची गोल खिडकी होती, आणि तो तिच्यातून मोठ्या रुबाबात बाहेर बघत असे.

मलाही एका सकाळी आग लागली. वाऱ्याने माझा घेर उचलला, स्टोव्हची ज्वाळा बाहेर वळली आणि माझ्या पाठीला भले मोठे भोक पडले. लॉर्नने हिम टाकून मला विझवले आणि घडी घालून पानियाकच्या घरी नेले, कारण पानियाकची बायको मियालिया साऱ्या किनाऱ्यावर शिवणकामासाठी नावाजलेली होती. तिने शिवलेल्या बुटांतून पाण्याचा थेंब आत येत नसे. गावातली मुले तिला ‘आनाना’ म्हणजे आई म्हणत, म्हणून लॉर्नही तसेच म्हणे.

“एवढं ठिगळ लावून द्या, आनाना.”

“ठिगळ?” मियालियाने मला उलटसुलट पाहिले. “माझ्या हातचं ठिगळ गावोगाव मिरवणार का तू? लोक काय म्हणतील?”

वसंतात सील हा समुद्री प्राणी बर्फावर ऊन खात पडलेला असतो. तेव्हा शिकारी पांढऱ्या कापडाचा पडदा पुढे धरून त्याच्याकडे सरकत जातो. मियालिया दरवर्षी असे पडदे शिवत असे. तेच कोरे, पांढरेशुभ्र कापड तिने काढले आणि भोकापुरतेच नव्हे, तर माझ्या सगळ्या पाठीवर चढवले. दुहेरी दोऱ्याचे, मुंगीच्या पावलांएवढे टाके घातले. नारिंगी रंगाचा एक ठिपकाही बाहेर दिसू दिला नाही.

“बर्फावर ठेवायची वस्तू पांढरीच हवी,” ती समाधानाने म्हणाली.

पानियाकने टाक्यांवरून अंगठा फिरवला. “वारा शिरायचा नाही यातून. माझ्या कोटाला कधी घातलेस असे टाके?”

“तुझा कोट कधी कोणी बघायला येतं का?”

सगळे हसले. लॉर्न मात्र क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले, मग मियालियाच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “फार सुंदर झालीय, आनाना.” तो न बोललेला शब्द काय होता, हे मला पुढे समजले.

पुढच्या एप्रिलमध्ये पानियाक आणि मियालिया लेकीकडे नवी नात बघायला गेले. परतताना लॉर्नच्या विमानात ती दोघे आणि मागे घडी घातलेली मी, एवढीच आम्ही होतो. तिथल्या लोकांत बाळाला गेलेल्या माणसाचे नाव देतात, आणि मग ते बाळ नात्यानेही तेच माणूस होते. या बाळाला पानियाकच्या आईचे नाव मिळाले होते.

“आई होती तशीच आहे,” पानियाक इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगत होता. “बिनदाताची गेली, बिनदाताचीच परत आली!”

“आणि तुझ्यावर ओरडलीही तशीच,” मियालिया म्हणाली.

थोड्या वेळाने ढग खाली आले. वारा नव्हता, पण बारीक हिम पडू लागले. मित्रांनो, आपल्याला जमीन किती लांब आहे हे बरेचसे सावल्यांवरून कळते. ढग आणि हिम दोन्ही पांढरे असले की प्रकाश सगळीकडून सारखाच येतो आणि सावलीच पडत नाही. मग खाली खड्डा आहे की टेकडी, हे तीक्ष्ण नजरेलाही कळत नाही. लॉर्नने खाडीच्या बर्फावर उतरायचे ठरवले. त्याला वाटले जमीन अजून खाली आहे. ती तिथेच होती. वाऱ्याने घट्ट केलेल्या हिमाच्या उंचवट्याला स्की आपटली, ती मोडली, पंख वाकला आणि विमान नाकावर पडले.

मग पानियाकचा आवाज आला. “म्हातारे, आहेस का?”

“आहे. तू?”

“आहे. किटलीला झाकण मिळालं बघ.”

पण लॉर्न हसला नाही. त्याची मांडी मोडली होती. रेडिओचे तुकडे झाले होते आणि टाकी फाटून इंधन हिमात मुरून गेले होते. वरून दिसेल असा धूर करायला काही उरले नव्हते.

पानियाकने पंखाच्या पत्र्याचा सुरा केला, हिमाच्या विटा कापल्या आणि घर उभारले. लॉर्नला आत घेऊन त्याच्या पायाला फळ्या बांधल्या. मला त्याच्यावर पांघरले. मियालियाकडे सुके मासे होते, दिव्यापुरती चरबी होती. ती दोघे तिथे कितीही दिवस राहिली असती, त्यांचे बालपणच तसे गेले होते. पण लॉर्नचा पाय सुजत चालला होता आणि त्याच्या पावलाला स्पर्श कळेनासा झाला होता. मी त्याच्या अंगावर होते, त्याचे कापणे मला जाणवत होते. मी सारी ऊब धरून ठेवली, पण ऊब म्हणजे औषध नव्हे.

“पाय जाईल त्याचा,” मियालिया हळूच म्हणाली.

“पायावर भागलं तर बरं,” पानियाक म्हणाला.

हिम थांबले, आभाळ निवळले आणि स्वच्छ उन्हात आम्हाला शोधायला निघालेल्या दुसऱ्या विमानाची घरघर ऐकू आली. मियालियाने मला ओढत बाहेर नेले आणि मोकळ्या जागी पसरले. दोघे हात हलवत, ओरडत, उड्या मारत राहिले. विमान जवळजवळ आमच्या डोक्यावरून गेले आणि तसेच पुढे निघून गेले.

“आंधळा आहे का तो!” पानियाकने मूठ उगारली.

आतून लॉर्नचा क्षीण आवाज आला. “आंधळा नाही, बाबा. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?”

मियालिया थबकली. तिने आमच्या विमानाकडे पाहिले. त्याचा चंदेरी पत्रा हिमाखाली बुजला होता. पांढरे घर पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. घाईने तिने मला उलटे केले, पण माझे अस्तर राखाडी होते, आणि वाऱ्याने कोरलेल्या हिमाच्या लाटांच्या सावल्याही उन्हात तशाच राखाडी दिसत होत्या.

ती वाकून आत गेली. “तुला ठाऊक होतं?”

“नारिंगी रंग वरून दिसावा म्हणूनच असतो, आनाना.”

“मग तेव्हा तोंड काय गोठलं होतं?”

“तुम्ही इतक्या खूश होता...”

“मी खूश होते!” मियालिया कडाडली. “तू मेलास तर मी खूश राहीन का रे, गाढवा?”

ती बाहेर आली. बायकांचा अर्धगोल सुरा तिच्या पिशवीत नेहमीच असे. तिने मला मांडीवर घेतले. तिने सरसर फाडून पाहिले, पण टाके इतके घट्ट होते की ओढल्यावर खालचा नारिंगी कॅनव्हासही फाटू लागला. मग एकेक टाका सुऱ्याच्या टोकाने उचलून कापणे आले. हातमोजे घालून ते जमेना. तिने मोजे काढले. थोडेसे उसवले की तिची बोटे पांढरी पडत, मग ती पानियाकच्या कोटात हात घालून त्याच्या उघड्या पोटावर ती ठेवी.

“आई गं! मासा ठेवलास की हात?”

“गप बस आणि पोट पुढे कर.”

“इतके घट्ट टाके घालायला कोणी सांगितलं होतं?”

“वारा शिरायचा नाही म्हणून अंगठा कोणी फिरवला होता?”

बोलणे असे चालले होते, पण दोघांचे कान आभाळाकडे होते. लॉर्नने सांगितले होते, की ते विमान पुढचा भाग शोधून याच बाजूने तळाकडे वळेल. एकदा वळून गेले की उद्या ते भलतीकडेच शोधेल. मियालियाच्या बोटातून रक्त आले आणि पांढऱ्या कापडावर ठिपके पडले, पण ती थांबली नाही. आपल्याच सर्वांत सुंदर कामाचा एकेक टाका ती कापत गेली. मित्रांनो, मला ते दुखले का? नाही. मला वाटले, कोणीतरी माझे बुजलेले तोंड उघडते आहे.

दूरवर घरघर सुरू झाली, तेव्हा एक कड अजून शिवलेली होती. पानियाकने ती दातांत धरली आणि मियालियाने सुरा फिरवला. पांढरे कापड गळून पडले. जळक्या भोकातली लोकर वाऱ्याने उडाली. दोघांनी मला झटकून हिमावर पसरले, आणि इतक्या दिवसांनी माझ्या नारिंगी पाठीवर ऊन पडले.

विमान आमच्या बाजूने न येता खाडीच्या पलीकडच्या काठावरून चालले होते. मियालिया ओरडली नाही, हलली नाही, नुसती पाहत राहिली. विमान सरळ जात होते. अजून सरळ. मग त्याचा एक पंख खाली झुकला आणि ते वळले.

आमच्यावरून जाताना त्याने दोन्ही पंख डोलावले. पानियाक हिमात बसकण मारून हसू लागला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मियालिया घराच्या दाराशी गेली आणि आत ओरडली, “ऊठ रे, नवरदेवा! तुझी वरात आली!”

आतून पहिल्यांदाच लॉर्नच्या हसण्याचा आवाज आला.

त्या दुसऱ्या विमानाचा वैमानिक पुढे सगळ्यांना सांगत असे, की त्याला मधे भोक असलेले एक नारिंगी बिस्किट दिसले आणि बर्फावर असे बिस्किट कोण टाकेल, म्हणून तो वळला. माझे भोक, ज्याची लाज झाकायला एवढा खटाटोप झाला, तेच त्याच्या नजरेत भरले.

लॉर्नच्या पायाची दोन बोटे गेली, पाय मात्र वाचला. थोडा लंगडत तो पुन्हा उडू लागला. मियालियाने मला पुन्हा शिवले. या वेळी भोकापुरतेच ठिगळ लावले, आणि तेही लाल. रक्ताचे ठिपके पडलेले पांढरे कापड तिने माझ्या आतल्या बाजूला लावले. त्या वसंतापासून ती शिकाऱ्यांच्या पांढऱ्या पडद्यांनाही मागून नारिंगी कापड जोडू लागली. कोणी हसले की म्हणे, “सील समोरून बघतं, विमान वरून. दोघांचाही विचार नको का करायला?” आणि लॉर्नला ती वरचेवर विचारी, “काय रे, आज काही गिळून बसला नाहीस ना?”

आता नव्या विमानांना विजेवर गरम होणारी पांघरुणे मिळाली आहेत. मी काही वर्षे एका कोठारात धूळ खात पडले होते. वाटले, आता मला विसरले सगळे. मग मियालियाच्या त्याच नातीने मला बाहेर काढले, झटकले आणि आपल्या घसरगाडीवर अंथरले. तिला आता सगळे दात आहेत, आणि तिच्या आवाजावरून पानियाक अजूनही सांगतो की ही नक्की आपली आईच.

तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी अडगळीत पडले असेल. टाकून देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहा. कोणी मायेने काही करून दिले आणि त्यात तुम्हाला खोट दिसली, तर गोड बोलून गप्प बसू नका. आणि खोट तुमच्याच हातची असेल, तर उसवायला लाजू नका. घट्ट टाका घालणारी बोटे पुष्कळ असतात. तो आपल्या हाताने कापणारी मी एकदाच पाहिली, आणि त्या बोटांमुळे एक माणूस घरी आला.

गावावरून विमान जाऊ लागले की नात मला अजूनही हिमावर पसरते, नारिंगी बाजू वर करून. मदत कोणालाच नको असते. वैमानिकालाही ते ठाऊक असते. तरी तो पंख डोलावतो, मुले ओरडतात, आणि मी उन्हात पाठ शेकत पडून राहते.