पोटात काच असलेली होडी

मी एक जुनी होडी आहे. अंगाने लाकडाची, पण माझ्या पोटात एक काच आहे. मित्रांनो, होडीच्या पोटात काच असणं म्हणजे काय, हे होडीलाच ठाऊक. साधा दगड दिसला तरी मी अंग चोरून घेते.

मला एका छोट्या बेटावरच्या सुताराने घडवलं. बेटावरचं कापडाचं दुकान बंद पडलं, तेव्हा त्याच्या दर्शनी खिडकीची जाड काच त्याने उचलून आणली आणि डांबर लावून माझ्या तळाशी बसवली. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. चांगल्या होडीला कुणी भोक पाडतं का, म्हणून हसले. पण पुढे पाहुणे आले, काचेभोवती ओणवे होऊन मासे पाहू लागले, आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मग मोटारीच्या होड्या आल्या. मला कोण विचारतो? सुतारही गेला. मी माडाखाली पालथी पडून राहिले आणि कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालू लागल्या. शेजार वाईट नव्हता, पण होडीने खुराडं होऊन किती काळ काढायचा?

मला पुन्हा सरळ केलं ते सुताराच्या सुनेने. तिचा नवरा दूर जहाजावर नोकरीला. तिने घराच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. सगळे तिला मावशी म्हणत. तिने माझ्या फटी बुजवल्या, काच राखेने घासली. उथळ पाण्यात ती मागे उभी राहून बांबूने मला रेटायची. पाहुणे खाली बघत, ती समोर. खाली काय आहे, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "काय असणार, पाणी नि गवत." बांबूला अडकणाऱ्या त्या गवताचा तिला भारी राग.

एकदा दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको पाहुणे आले. बाईंना पाण्याची भीती. त्या माझी कड सोडत नव्हत्या. डॉक्टरांची कुरकूर चाललेली, की इतक्या लांब येऊन खेकड्यांपलीकडे काही दिसलं नाही. अचानक ते काचेवर वाकले. खाली गवतात लांबच लांब पट्टा कुणीतरी कापून नेल्यासारखा मोकळा होता. हे कोण कापतं, त्यांनी विचारलं. मावशीने पहिल्यांदाच वाकून काचेतून पाहिलं.

तेवढ्यात एक करडी, रुंद पाठ काचेखालून सरकली.

"समुद्रगाय," डॉक्टर हळूच म्हणाले. समुद्रातलं गवत चरणारी ही गाय त्यांनी फक्त चित्रात पाहिली होती; त्यांनी चटकन फोटो काढला. पण ती निघून जाईना, तिथेच घिरट्या घालत राहिली. मग पिल्लू दिसलं. त्याच्या शेपटीला कुणीतरी टाकून दिलेलं जाळं गुंडाळलेलं होतं, आणि जाळं खडकात अडकलेलं. ते वर यायला धडपडे, पण नाक पाण्याबाहेर पोहोचत नव्हतं. त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो, एवढं सांगून डॉक्टरांनी चपला काढल्या. आई खालून त्याला ढकलू पाहत होती. तिची पाठ माझ्यावर आदळली आणि माझ्या काचेला तडा गेला.

मित्रांनो, ज्याची जन्मभर धास्ती घेतली, तेच घडलं. पाणी आत येऊ लागलं. मला वाटलं, आता सगळे परत फिरतील. फिरले असते तर त्यांना दोष कसा देणार?

बाईंनी डब्याचं झाकण हातात घेतलं. "मी पाणी उपसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं त्याचं बघा."

मावशी मासे कापायची सुरी घेऊन छातीएवढ्या पाण्यात उतरली, मागोमाग डॉक्टर. आई बिथरली असती तर दोघांचं काही खरं नव्हतं. मावशीने पिल्लाचं शेपूट घट्ट धरलं. लोकांच्या तोंडात जपून हात घालायची सवय असलेल्या डॉक्टरांनी एकेक दोरा कापला. पिल्लाची धडपड मंदावत चालली होती. शेवटचा दोरा तुटला. ते वर आलं आणि त्याने फुस्स करून श्वास सोडला. बाई पाणी उपसता उपसता रडत होत्या.

निघताना डॉक्टरांना मावशी एवढंच म्हणाली, "फोटो ठेवा. जागा मात्र सांगू नका, नाहीतर मोटारीच्या होड्या इथेच गर्दी करतील."

"जड जाईल," ते म्हणाले, "पण नाही सांगणार."

त्यांनी शब्द पाळला की नाही, मला माहीत नाही. माझा तडा लाखेने बुजवला आहे. मावशीने मोटारवाल्यांना गवतावर इंजिन बंद ठेवायची विनंती केली. काहींनी ऐकलं, काहींनी कानाआड केलं. आता ती मध्येच थांबून स्वतः खाली बघते. पिल्लू दिसलं नाही की आणखी एक फेरी मारते. लांबून इंजिनाचा आवाज आला की माझ्याही जिवाचं पाणी होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, फाटलेलं जाळं, तुटलेली दोरी समुद्रात टाकू नका. वरून पाणी शांतच दिसतं. पण खाली कुणीतरी श्वासासाठी वर यायला निघालेलं असतं. त्याची वाट मोकळी ठेवा.