पातेऱ्याचे पांघरूण

मिलनने बालवाडीत असताना खिशातून आणलेली चेस्टनटची बी जर्मनीतल्या बॉनमध्ये राहत्या इमारतीच्या अंगणात रुजली, तिला दोन तपे होत आली होती. मिलन मात्र आखनला शिकत असताना सायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर दीनानाथ आणि कुमुदिनी यांच्या बोलण्यात मुलाचे नाव क्वचितच येई. झाडाचे रोज येई.

त्या झाडाची पाने अलीकडे ऑगस्टातच करपू लागली होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या एका पतंगाच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खात. सदनिकाधारकांच्या सभेत झाड तोडून तिथे सायकलींसाठी छप्पर घालण्याचा ठराव आला. दीनानाथांनी उभे राहून मुद्द्यामागून मुद्दा खोडला आणि वर्षाची मुदत मिळवली: पुढचा ऑगस्ट हिरवा गेला, तरच झाड राहील.

पानगळ होताच त्यांनी अंगणातले पान न् पान ओढून बुंध्याभोवती रचले. गुहागरच्या आगरात त्यांचे वडील आंब्याच्या मुळांशी असाच पातेरा घालीत.

“बाबा, ही पानं ओल्या कचऱ्याच्या बायोटोनमध्ये टाकायची असतात,” मुलगी तनया म्हणाली. “त्या पतंगाचे कोश हिवाळाभर त्यातच राहतात. शेजारच्या अंगणात सगळी उचललीत.”

“सभेतल्या लोकांनी तर झाड तोडायलाही सांगितलं होतं. झाडाचं अन्न कचऱ्यात घालायचं, हे कुठलं शास्त्र?”

“आल्झो, बरं बाबा, तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा सभेशी घातलेला बरा.”

“तिथेही मीच जिंकलो,” दीनानाथ म्हणाले, आणि वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून त्यांनी ढिगावर जुनी जाळी अंथरली.

एप्रिल सरता सरता झाड पांढऱ्या तुऱ्यांनी भरले. ऊन वर आल्यावर दीनानाथ जाळी काढायला खाली उतरले. बुंध्याची साल हलल्यासारखी वाटली. जवळ जाऊन पाहिले, तर तपकिरी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे पतंग एकमेकांना खेटून बसले होते. त्यांनी जाळीचा कोपरा उचलला. करपल्या पानांतून आणखी पतंग बाहेर सरपटत होते आणि पंख सावरून बुंध्याकडे निघत होते. कुंपणापलीकडच्या चेस्टनटचा बुंधा दीनानाथांनी चष्मा पुसून दोनदा न्याहाळला. तिथे जेमतेम चार-दोन दिसले.

वर एकही पान अजून डागाळले नव्हते.

“अहो,” गॅलरीतून कुमुदिनी म्हणाल्या, “तुरे किती आलेत बघा यंदा. तुमच्या पातेऱ्याला यश आलं म्हणायचं.”

समोरच्याचे विधान तपासल्याशिवाय मान्य करणे दीनानाथांच्या स्वभावात नव्हते.

“हो,” ते म्हणाले, आणि जाळी पुन्हा ओढून घेऊन तिच्या कडांवर एकेक दगड ठेवू लागले.