मुरलेली वाळू

बारा दिवसांत नव्या इमारतीचा पाया भरला, तर कोनशिलेवर साहेबांचं नाव लागणार होतं. तेराव्या दिवशी साहेब निवृत्त, आणि शिला पुढच्याची. म्हणून त्यांनी अंगठा जिभेला लावून अहवालाचं पान उलटलं आणि तोच ओला अंगठा शेवटच्या रकान्यावर दाबला.

“हे काय, बाई?” त्यांनी जमीन तपासणाऱ्या बाईंना विचारलं.

“वाळूची ताकद. घट्ट बसावी म्हणून सुरुंगांनी हादरवून चारच दिवस झालेत, साहेब. वाळू खाली बसलीय, पण सध्या आधीपेक्षाही मऊ आहे. मुरायला साठ दिवस तरी हवेत.”

“मुरल्यावर किती भरेल?”

“बहुतेक दुप्पट.”

“मग दुप्पट लिहा. होणारच आहे ते आज लिहिलं तर खोटं कसं?” साहेबांनी दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं, निरखलं, आणि अहवालाच्या कडेला पुसलं. “तुम्हाला कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर मुरतोय.”

पान चिमटीत धरून बाईंनी नवा आकडा लिहिला, सही केली, आणि नळाखाली तीनदा हात धुतले.

पाया भरला, कोनशिला बसली. वर भिंती चढवल्या त्या बाईंच्या सख्ख्या मामांनी. महिन्याभरात कोपरा बोटभर खचला आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

चौकशी आली तोवर वाळूचे साठ दिवस भरून गेले होते. भिंतीलगत ताकद मोजायची सळई वाळूत दाबून पाहिली. आकडा अहवालातल्यासारखाच निघाला.

“वाळू ठणठणीत आहे,” चौकशीवाले म्हणाले. “म्हणजे बांधकामच कच्चं. बाई, पाया भरण्याआधीही तुम्हाला हेच मिळालं होतं ना?”

मामा शेजारीच उभे होते. बाई ओढणीला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

“हेच,” त्या म्हणाल्या.

मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यांनी थापी धुऊन पोत्यात घातली.

“तुझं काम चोख निघालं ना, पोरी? मग झालं. माझ्यापायी तुला बोल लागला असता, तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?”

साहेबांना शिला मिळाली, बाई कायम झाल्या, वाळूची ताकद दुप्पट झाली. वजा झाला तो एकटा गवंडी, ज्याचा ओळंबा तीस वर्षांत कधी चुकला नव्हता.