साहेबांचा फिल्टर

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायचं काम माझ्याकडे आहे. पॅकेज चालायला आणखी काय काय लागतं, याची यादी मात्र एक साधन आपोआप करतं. ते पॅकेजमधली प्रत्येक फाइल वाचतं आणि ज्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव दिसेल ते यादीत घालतं. ती फाइल कोणी चालवणार आहे की नाही, असल्या किरकोळ गोष्टीत ते पडत नाही.

यंदा यादीत केव्हाच इतिहासजमा झालेल्या एका लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, नाव आलं आणि ती आता मिळतच नसल्याने पॅकेज कुठेच बसेना. नाव सापडलं नमुन्यांच्या फोल्डरमध्ये, साहेबांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या फाइलीत. ती फाइल काढायची कोणाची छाती नाही, कारण नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिचंच दर्शन घडवतात. मग उपाय एकच : तेवढं नाव गाळणारी एक ओळ, म्हणजे फिल्टर.

घाई मलाच होती. माझी ताई डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर काम करते. सॉफ्टवेअर आमचं, माझ्या शब्दावर घेतलेलं, आणि दोनदा बंद पडलेलं. सोमवारी नवं पॅकेज चाललं नाही तर तपासण्या बाहेर पाठवू आणि ताईची जागा बंद करू, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

मी ओळ लिहिली. साहेबांनी ती खोडली. आपल्या फाइलीचा बंदोबस्त दुसऱ्याने करावा हे त्यांच्या पचनी पडलं नसावं. त्यांनी लिहिलं एक टिंब आणि एक चांदणी. आमच्या धंद्यात याचा अर्थ, जे असेल ते सगळं. एक नाव गाळायचं होतं, साहेबांनी अख्खी यादी गाळली.

बैठकीत पडद्यावर कोरी यादी झळकली. साहेब म्हणाले, याला म्हणतात स्वच्छ काम. बोलायला मी हात वर केला, तेवढ्यात पुढच्या महिन्यातल्या बढतीच्या मुलाखती आठवल्या. मग त्याच हाताने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दवाखान्यात पॅकेज विनातक्रार बसलं. तक्रार करणारी यादीच आम्ही घरी पाठवली होती. फक्त ते सुरू होईना, कारण मोजमाप वाचणारा भाग त्या यंत्रावर नव्हता आणि तो मागायला कोणी उरलं नव्हतं. बाकावर नऊ पेशंट डोळ्यांत औषध घालून ताटकळत होते. ताईने मला अकरा फोन केले. मी साहेबांच्या फिल्टरवर सादरीकरण देत होतो, आणि सादरीकरणात फोन बंद ठेवायची आमच्याकडे शिस्त आहे.

संध्याकाळी मी फोन केला.

"तुला हे आधी दिसलं होतं?" ताईने विचारलं. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली.

थाप मारायची होती, जमली नाही. "दिसलं होतं. पण साहेबांना वाईट वाटलं असतं."

ती म्हणाली, "जागा बंद झाली. आईला तू सांग. आणि साहेबांचं नाव पुढे करू नकोस, स्वतःचं सांग."

मी साहेबांची ओळ खोडली, माझी परत घातली, पॅकेज बांधलं. चार मिनिटं लागली. मग आईला फोन लावला, तर तिनेच आधी विचारलं, "ताईचं यंत्र नीट करून दिलंस ना रे?"