धाकट्याचं खातं

की-बोर्डच्या एका पायाखाली खुपसलेला पुठ्ठा पुन्हा सरकला होता, आणि अक्षर दाबलं की सगळा की-बोर्ड लंगड्या स्टुलासारखा डुलत होता – धाकट्यानंच केव्हातरी बसवलेला तो पुठ्ठा, तात्पुरता म्हणून... तिनं तो अंगठ्यानं आत रेटला आणि पडद्याकडे पाहिलं. कमांड सापडली नाही. पुन्हा तेच.

जुन्यापान्या कॉम्प्युटरांवर चालेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम दोघा बहीणभावांनी याच खोलीत, शेजारीशेजारी बसून उभी केली होती. मूळ कोडपासून ती बांधून काढायची तर एकामागून एक शेकडो कमांड आपोआप धावायच्या, आणि आजवर त्या मुकाट धावत आल्या होत्या. आता एक सापडेना. तिनं त्या कमांडमागचं अवजार, तो छोटासा प्रोग्राम, नव्यानं आणून बसवलं, तर पुढचं गायब. ते बसवलं, तर त्याच्या पुढचं. पडद्यावरची खिडकी बंद करून उघडली, मशीनला दोन शिव्या हासडल्या. ठिगळाला ठिगळ लावत दुपार झाली. ‘हे बघ रे जरा’ म्हणायला ती वळली, तर शेजारच्या खुर्चीत फक्त वायरींचं भेंडोळं होतं.

नोकरी धरली त्यानं. दूरच्या शहरात, बायकोच्या माहेराजवळ. जाताना म्हणाला होता, ताई, तुझं माझ्यावाचून कुठं काय अडणार आहे – आणि ते तिला इतकं झोंबलं, की नाहीच अडणार, नवी आवृत्ती एकटीनं काढून दाखवते, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्याच रागाच्या भरात आज सकाळी या मशीनवरचं त्याचं खातं तिनं काढून टाकलं, फोल्डरसकट. जागा मोकळी होईल, दुसरं काय...

तिचा हात थबकला. मशीन कमांड शोधतं ते आपण नेमून दिलेल्या ठिकाणीच. कुठं कुठं शोधतोस, असं तिनं मशीनला विचारलं. पहिलंच ठिकाण धाकट्याचं फोल्डर. सुरुवातीला इतरत्र जागा नव्हती म्हणून सगळी अवजारं त्यानं स्वतःकडेच ठेवली होती, आणि ती काही कुठूनही आणता येतील अशी नव्हेत – प्रत्येकावरून त्यानं आपला हात फिरवलेला. इतकी वर्षं ती त्याच्या घरातून अवजारं उचलून वापरत होती आणि ते घर आपलंच समजत होती. ते घर पाडलं कुणी? मी. मशीननं ‘नक्की?’ विचारलं आणि मी ‘हो’ म्हटलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, इतके दिवस रागानं झाकून ठेवलेलं, नुसतं एकटेपण होतं.

फोन त्यानं लगेच उचलला. तिनं कसंबसं सांगितलं.

“माझं खातं काढून टाकलंस, ताई?”

“हो.”

पलीकडे कुणीतरी भांडी आवरत होतं. मग तो म्हणाला, तिच्या नावाचं खातं त्याच्या मशीनवर आहे तसंच आहे, आणि अवजारांची एक प्रत त्यानं निघतानाच त्यात टाकून ठेवलीय. मागेल ताई कधीतरी, म्हणून.

“पाठवू? लगेच होईल.”

पाठव म्हटलं की आवृत्ती पुरी होणार होती, तिच्या एकटीच्या नावावर; आणि मग फोनही ठेवावा लागणार होता. शब्द जिभेवर आला आणि तिथंच बसून राहिला... भांड्यांचा आवाज थांबला. तो वाट बघत होता, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिला कसली घाई नव्हती.

“ताई? आहेस ना?”

“आहे रे,” ती म्हणाली. “तू बोल.”