माझा तळवा जिने वाचला

मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच बसलाय, पण त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून दोघांची गोष्ट मीच सांगतो.

मित्रांनो, माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने कातडं ओलं करून लाकडी साच्यावर ताणलं, मेणाच्या दोऱ्याने शिवलं आणि तळव्याखाली जमीन घट्ट धरणाऱ्या सहा खुंट्या बसवल्या. मग त्याने मला कानाशी धरून वाकवलं, कुरकुर ऐकली आणि तो खूश झाला. नवा बूट कुरकुरलाच पाहिजे, असं त्याचं मत होतं.

दुकानातून मला एका सोळा वर्षांच्या मुलीने घरी नेलं. पहिल्याच दिवशी मी तिच्या टाचेला कडकडून चावलो. मुद्दाम नाही हं. दात येणारं बाळ चावतं ना, तसा नवा बूटही चावतो. त्यात राग नसतो, नुसती शिवशिव असते. ती मुलगी शहाणी होती. तीन आठवडे तिने आम्हाला मैदान दाखवलंच नाही. ओले मोजे घालून ती आमच्यासकट घरभर फिरायची, जिने चढायची, केर काढायची. तिची आई म्हणायची, "अगं, झोपताना तरी काढ." चौथ्या आठवड्यात आम्ही मऊ पडलो आणि तिचा पाय कुठे संपतो न् मी कुठे सुरू होतो, ते मलाही सांगता येईना.

मग काय, आठ वर्षं आम्ही नुसते धावलो. ती देशाच्या फुटबॉल संघाची कर्णधार झाली. तिचा फटका असा होता की वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'तोफ' ठेवलं. तोफेच्या फोटोत मीही असायचो, खाली उजव्या कोपऱ्यात, चिखलाने माखलेला, पण हसरा. पुढे पुढे तिच्या देशातली माणसं "जिंकलो का?" असं विचारीनाशीच झाली. "किती गोलांनी?" एवढंच विचारायची.

आधी ती मला स्वतः पुसायची. मग ते काम सामानवाल्या काकांकडे गेलं. मग पुसणंही राहून गेलं. मी मनाला लावून घेतलं नाही. मोठ्या माणसांना कामं असतात.

त्या वर्षी एका छोट्या देशात आमचा सामना होता. त्या देशाचा संघ अकरा वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. त्यांच्यात एक बेकरीवाली होती, दोन शिक्षिका होत्या, एक दवाखान्यातली सिस्टर होती. सगळ्या जणी सकाळी लवकर सराव करायच्या आणि तशाच कामावर पळायच्या. आमच्या प्रशिक्षक सरांच्या वहीत त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवलेलं होतं. ते कोरंच राहिलं. त्याच आठवड्यात संघासाठी सोनेरी बुटांच्या नव्या जोड्या आल्या, आणि सरांना एक कल्पना सुचली. चार दिवसांनी मोठा सामना होता. त्याआधी हा सोपा सामना नवे बूट घालून खेळायचा, म्हणजे बूट आयतेच मऊ होतील. अकराही जणींना ते पटलं. माझ्या तोफेलासुद्धा. ओले मोजे आणि घरातले जिने ती विसरून गेली होती.

मला पिशवीत तळाशी टाकलं. तेव्हा माझा तळवा पुढून उघडला होता, जांभई दिल्यासारखा. पण सामानवाल्या काकांना फाटकं काही बघवायचं नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते मला कागदात गुंडाळून तिथल्या बाजारात घेऊन गेले आणि बूट दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात शिरले.

दुकानात एक तरुणी मांडीवर फळी घेऊन बसली होती आणि मागे तिचे वडील टाचा घासत होते. तिने मला उलटा केला. अंगठा माझ्या तळव्यावरून फिरवला, हळूच, बाळाचा ताप बघावा तसा. आणि ती थांबली.

"काका, हा बूट कुणाचा ते मला कळलंय. उद्या मी ह्याच पायांसमोर खेळणार आहे. तुम्हाला दुसरीकडे न्यायचा असेल तर चौकापलीकडे अजून एक दुकान आहे."

काका चपापले. "तो चांगला शिवतो का?"

"तो?" वडील मागून म्हणाले. "त्याचे स्वतःचे बूट माझ्याकडे येतात."

"मग तूच शिव," काका म्हणाले.

तिने शिवायला घेतलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं नीट कुणी शिवलं नव्हतं. उद्या ज्या पायाने तिच्यावर गोल करायचा, त्याच पायासाठी ती एकेक टाका ओढून घट्ट करत होती. काका इकडेतिकडे बघत होते. कपाटाच्या बाजूला एक पाटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. कसली म्हणून त्यांनी विचारलं, तर वडिलांनी ती फिरवली. मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही जिंकलो, म्हणून आज दुकान बंद.' ही संघात आली तेव्हा रंगवलेली, वडिलांनी सांगितलं. रंग उडाला की ते दरवर्षी नवा द्यायचे. दुकान मात्र अकरा वर्षांत एक दिवसही बंद राहिलं नव्हतं. यंदा रंग द्यायचा बेत नाही, ते हसत म्हणाले, डोळ्यांना आता अक्षरांच्या कडा दिसत नाहीत. तिने दोरा जरा जास्तच जोरात ओढला, ते मला जाणवलं.

बूट परत देताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, नवे बूट आले असतील तर ते उद्या घालू नका, आमचं मैदान कडक आहे, पाय सोलून निघतील. दुसरी सांगताना ती थोडी हसली. "ही ताई अडली की डावीकडेच वळते, हो ना?"

"वर्तमानपत्रं बरीच वाचतेस वाटतं," काका म्हणाले.

"नाही. तळवा वाचला. आतल्या बाजूच्या खुंट्या बघा किती झिजल्यात."

काकांनी रात्रीच्या जेवणाला दोन्ही निरोप जसेच्या तसे सांगितले. पंगत खो खो हसली. आता बूट शिवणारीकडून फुटबॉल शिकायचा का, असं कुणीतरी म्हणालं. तोफही हसली. मी दाराजवळच्या पिशवीतून सगळं ऐकत होतो. काकांनी पुन्हा सांगून पाहिलं, तर सर म्हणाले की तुम्ही सामान बघा.

दुसऱ्या दिवशी अकरा सोनेरी जोड्या मैदानात उतरल्या. काय चमकत होत्या! पंधराव्या मिनिटाला त्या चावायला लागल्या. विसाव्या मिनिटाला आमची एक जण टाच उचलून धावत होती. तिसाव्याला तर सगळा संघ तापलेल्या फरशीवरून चालल्यासारखा चालत होता. त्यांच्या बेकरीवालीने चेंडू घेतला, आमच्या दोन लंगड्यांच्या मधून काढला आणि गोल केला. गोल झाल्यावर तिला काय करायचं ते सुचेना. ती उभीच राहिली. शेवटी सिस्टर धावत आली आणि तिला उचलून घेतलं.

मध्यंतरात तोफेने मोजे काढले. दोन्ही टाचा लाल. तिने काकांकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "काका, माझे जुने आणलेत?"

काकांनी आम्हाला असं काढून दिलं, जणू सकाळपासून हातात धरूनच बसले होते.

मित्रांनो, त्या क्षणाचं सुख मला सांगता येत नाही. पाय आत आला आणि घर भरल्यासारखं वाटलं. नवे टाके घट्ट होते. पाचच मिनिटांत आम्ही असा फटका मारला की गोलरक्षिका नुसती बघत राहिली. एक-एक! तोफ पुन्हा तोफ झाली.

शेवटचं मिनिट उरलं. चेंडू आमच्या पायाशी, समोर गोल, आणि मध्ये एकटीच बूट शिवणारी. तोफ अडली. तिने माझ्यावर भार टाकला. आतल्या खुंट्यांवर, आठ वर्षं टाकत आली तसाच. तो भार कुठे जातो ते मला ठाऊक होतं आणि समोरच्या त्या मुलीलाही ठाऊक होतं. मी ओरडलो असतो, पण बुटाचं कोण ऐकतं? आम्ही डावीकडे वळलो. ती तिथे आधीच उभी होती.

तिने चेंडू अलगद काढून घेतला आणि लांब पुढे मारला. तिकडे एक शिक्षिका आणि रिकामं अर्धं मैदान. दोन-एक. शिट्टी वाजली.

मैदानभर एक क्षण कुणालाच काही कळेना. मग सगळं एकदमच कळलं. लोक कठड्यांवरून उड्या मारून आत आले. माणसं रडत होती, हसत होती, अनोळखी लोकांच्या पाठी थोपटत होती. आणि खरं सांगू, मलाही वाईट वाटलं नाही. त्या मुलीच्या हातचे टाके माझ्या अंगात होते. थोडासा मीही जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ आम्हाला काखेत मारून, साध्या चपला घालून त्या दुकानाशी गेली. दार बंद होतं. दारावर पाटी होती, जराशी तिरकी, कारण ती वडिलांनी स्वतः लावली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. तोफेने पाटी वाचली आणि ती पायरीवर बसून मोठ्याने हसायला लागली.

वरची खिडकी उघडली. "ताई, दुकान बंद आहे. वाचता येतं ना?"

"पाटी वाचता येते," तोफ म्हणाली. "तळवा येत नाही. तो शिकायला आलेय."

दुकान बंदच राहिलं, पण मागचं दार उघडलं. दुपारपर्यंत दोघी जमिनीवर बसून होत्या, भोवती गावभरचे बूट उलटे मांडून. हा कुणाचा, तो कसा चालतो, कुठे थकतो. वडील प्रत्येक बुटामागे मालकाची एक खोड सांगत होते. जाताना तोफेने आम्हाला तिथेच ठेवलं.

मित्रांनो, तेव्हापासून आम्ही ह्या दुकानातल्या फळीवर आहोत. मोठे संघ का हरतात, असं मुलं मला बघून विचारतात. मला एवढंच ठाऊक आहे की त्यांनी आमचा तळवा वाचला होता, आणि आमच्या वहीतलं त्यांचं पान कोरं होतं. तुम्ही एवढं करा. बूट ओढून काढू नका, आधी नाडी सोडा. भिजले तर सावलीत वाळवा. नवे असतील तर घरात चालून त्यांच्याशी ओळख करा. आणि ज्याच्यासमोर उभं राहायचं, तो कितीही लहान वाटला तरी त्याच्याकडे एकदा नीट बघा. काही सांगत असेल, तर ऐकाही.

गेल्या आठवड्यात तोफेचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. 'पुढच्या वर्षी मी उजवीकडेही वळणार आहे, तू मला सांगितलं होतंस म्हणून मीही आधी सांगून ठेवते.' बूट शिवणारी ते वाचून पोट धरून हसली. मग तिने त्याची घडी केली आणि माझ्या चवड्यात कोंबून ठेवली. आत कागद असला की जुना बूट आकार सोडत नाही. आणि तिच्या वडिलांनी, डोळ्यांचं काही का असेना, लाल रंगाचा नवा डबा आणलाय.