तिसरा कागद

“थांब, आत्ता नाही. मी ‘हो’ म्हटल्यावर सुरू कर,” असं म्हणून अक्षरवालीने घड्याळाचं बटण दाबलं आणि ‘हो’ म्हणायलाच विसरली. मावशी चष्मा सावरत तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“अगं, हो तर म्हण.”

“हो. हो, वाच.”

‘शेजारच्या घरी छत्री राहिली आहे, ती आठवणीने घेऊन ये...’ मावशीने सगळा परिच्छेद एका दमात वाचला. पहिला कागद मोठ्या टायपातला, एकवीस सेकंद. दुसरा मधल्या टायपातला, एकवीस सेकंद. अक्षरवालीने आकडे मांडले, उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा उठली. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. चार वाजता साक्षरता कार्यालयातल्या साहेबांचा फोन यायचा होता. नुकतंच वाचायला शिकलेल्या दहा जणांनी तिने घडवलेलं छपाईचं अक्षर नीट वाचलं, तर प्रौढ वर्गांचं नवं पुस्तक त्याच अक्षरात छापलं जाणार होतं. नऊ जणांची चाचणी वर्गातच उरकली होती आणि नऊही जणांनी घडाघडा वाचलं होतं. दहावी मावशी. तिचा गुडघा धरला म्हणून तेवढी चाचणी घरी.

या अक्षरापायी तिची तीन वर्षं गेली होती. त्याआधीची पंधरा दुसऱ्यांची अक्षरं निस्तरण्यात. ती कामाला लागली तेव्हा छापखान्यातले शिशाचे खिळे भंगारात जमा झाले होते आणि प्रत्येक कंपनीच्या संगणकात वेगळीच बाराखडी नांदत होती. इथे टाइप केलेलं पत्र तिथे उघडलं की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसे. पुढे सगळ्या यंत्रांनी एकच पद्धत मानली आणि तो घोळ मिटला. पण पडद्यावर अक्षर दिसणं निराळं आणि नवख्या माणसाला ते लागणं निराळं, असं तिचं ठाम मत. जुनी अक्षरं तिला गिचमिड वाटत. आपल्या अक्षराच्या तिने गाठी सोडवल्या, शेपट्या छाटल्या, रेघा सडपातळ केल्या. दिवसभर नमुन्याचा तोच परिच्छेद पुटपुटत ती अंतरं जुळवायची आणि मावशी शेजारी भाजी निवडत ऐकायची. आईच्या माघारी हिनेच तिला वाढवलं होतं. दोघींना एकमेकींच्या पुटपुटण्याची सवय होती.

तिसरा कागद बारीक टायपाचा. ऐन वेळी घरच्या प्रिंटरची शाई संपली, म्हणून तो तिने खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून धावतपळत आणला आणि पालथाच मावशीपुढे ठेवला.

“वाच. हो!”

मावशीने कागद उलटला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. एकदा भाचीकडे पाहिलं. मग खाकरून वाचलं. एकवीस सेकंद.

अक्षरवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बारीक टायपातसुद्धा फरक नाही! कागद फाइलीत लावायला तिने हातात घेतला आणि तिचा हात तसाच राहिला. कागदावर एकही अक्षर नव्हतं. ओळीमागून ओळ नुसते रिकामे चौकोन होते. दुकानात दिलेल्या संगणकाच्या फाइलीत आपला फॉन्ट घालून द्यायला ती विसरली होती. दुकानातल्या जुन्या यंत्राला अक्षरं सापडली नाहीत, त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन काढला होता. याच चुकीसाठी ती शिकाऊ मंडळींना वर्षानुवर्षं झापत आली होती.

“मावशी, यावर काय लिहिलंय?”

“आत्ता वाचलं की.”

“यावर काहीच नाहीये. नुसते चौकोन आहेत.”

मावशीने चष्मा काढला. “मला वाटलं, हे तुझं आणखी नवीन अक्षर असेल.”

एरवी दोघी पोट धरून हसल्या असत्या.

“दोन वर्षं वर्गाला जातेस तू,” अक्षरवालीचा आवाज चढला. “तुला वाचताच येत नाही?”

“येतं.”

“मग? आणि ते नऊ जण?”

“त्यांच्याकडून मीच पाठ करून घेतलं, वर्गातल्या बाईंच्या नकळत.” मावशी पदराने चष्म्याच्या काचा पुसत राहिली. “तुझी परीक्षा ना ती. आमच्यापायी तुझं घोडं अडायला नको, म्हटलं.”

“पण वाचता येतं म्हणतेस, मग पाठ कशाला?”

मावशीने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, एका ओळीखाली बोट धरलं. “पाणी... पुरवठा... उद्या... दुपारी... बंद... राहील.” घाम पुसून तिने बोट उचललं. “फळ्यावरचं येतं. पेपरातलं येतं, थांबत थांबत. तुझंच येत नाही गं, आम्हां कुणालाच. सगळी अक्षरं सारखीच दिसतात. तीन वर्षं मान मोडून बसलीस, तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

अक्षरवालीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तिला ठरवता येईना. फोन वाजला. तिने नऊ निकालांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. तो तसाच पाठवला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुस्तक छापून वर्गावर्गात गेलं असतं, आणि न वाचता आलेल्या प्रत्येकाने दोष स्वतःलाच दिला असता.

“बोला साहेब,” ती म्हणाली. “नाही, निकाल धरू नका. एकाही वाचकाला लागलं नाही... नाही, त्यांची काही चूक नाही. हे पुस्तक तुम्ही जुन्याच अक्षरात काढा.”

फोन ठेवून ती मावशीसमोर येऊन बसली.

“माझ्यामुळे सगळं मुसळ केरात गेलं ना?”

अक्षरवालीने पहिला कागद मधे सरकवला आणि कानामागची पेन्सिल काढली.

“कुठलं लागत नाही, दाखव.”

“राहू दे गं.”

“दाखव म्हणते ना.”

मावशीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. तिसरं सोडून ती चौथ्यावर गेली, जरा थांबली आणि परत तिसऱ्यावर आली.